पाठीवरची माती

पैलवानाच्या तोंडून हरलेल्या कुस्तीची हकीगत तुम्ही कधी ऐकली आहे काय? बहुधा नसेल. पारावर बसलेला सत्तरीचा म्हातारा सांगू लागला तरी जिंकलेल्याच कुस्त्या सांगतो, आणि त्यातला प्रतिस्पर्धी दर खेपेस चार शेरांनी जड होत जातो. मीही त्याच वयाचा आणि त्याच जातकुळीचा. पण आज जी गोष्ट सांगणार आहे तीत जिंकलेली कुस्ती एकही नाही. एक हरलेली आहे, एक बरोबरीत सुटलेली आहे, आणि या दोहोंच्या मध्ये एक वर्ष आहे. त्या वर्षात मला कुस्ती समजली. त्याआधी तीन वर्षे मी कोल्हापूरच्या तालमीत राहून नुसता लढत होतो.

माझे गाव सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात. त्याच जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वरी पाऊस नुसता कोसळत असतो, आणि पूर्वेला आम्ही कोरड्या आभाळाकडे बघत बसतो. बाजरी, हुलगे, मटकी आणि शेरडे-मेंढरे एवढ्यावर आमच्याकडचा संसार. आमची आठ एकर जिराईत आणि एक म्हैस. वडिलांना, म्हणजे आबांना, कुस्तीचा जबर नाद. स्वतः ते नारळाच्या कुस्तीपलीकडे कधी गेले नाहीत; पण पोराने कोल्हापुरात तालीम करावी ही त्यांची जन्माची हौस. १९६९ साली मी सोळा वर्षांचा होतो. अंगापिंडाने थोराड. त्या जूनमध्ये एक पत्र्याची पेटी, दोन लंगोट आणि बाजरीचे अर्धे पोते घेऊन आबा मला कोल्हापूरला घेऊन आले. एका पेठेतल्या तालमीच्या दारात त्यांनी वहाणा काढल्या, वस्तादांच्या पायावर मला घातले, आणि म्हणाले, “आजपासनं पोर तुमचं. हाडं तेवढी आमची.”

कोल्हापूरच का, असा प्रश्न आमच्याकडे कुणी विचारीत नसे. देवाला पंढरपूर तसे कुस्तीला कोल्हापूर. शाहू महाराजांनी पैलवानांना आश्रय दिला, पेठापेठांतून तालमी वाढल्या, आणि १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले. हे मैदान ज्याने पाहिले नसेल त्याने एकदा जाऊन पाहावे. मध्ये गोल आखाडा आणि चहूबाजूंनी चढत गेलेली बैठक. कुठेही बसा, पुढच्या माणसाचे डोके आड येत नाही. तालमीत आल्यावर पहिल्याच रविवारी मी एकटा तेथे गेलो. मैदान रिकामे होते. आखाड्याच्या कडेला उभा राहिलो आणि मनातल्या मनात दहा-वीस हजार माणसांचा गलका ऐकून घेतला. सोळा वर्षांच्या पोराचे मन ते! त्या दिवसापासून मला शिकायचे नव्हते, जिंकायचे होते.

तालमीतला दिवस पहाटे तीनला सुरू होई. अंधारात लंगोट कसायचा, मारुतीला नमस्कार करायचा, आणि पहिले काम म्हणजे हौद खणायचा. हौद म्हणजे आमचा आखाडा. त्यातल्या लाल मातीत तेल, ताक, हळद, लिंबू, काव असे काय काय घातलेले असते. रोज खणली नाही तर ती माती दगडासारखी बसते. मग जोर, बैठका, सपाट्या. घामाने जमिनीवर आपल्या अंगाचा आकार उमटेपर्यंत जोर मारायचे. मग लढती. दहाच्या सुमारास कुंडी-सोटा घेऊन बदाम, खसखस, बडीशेप घोटायची आणि थंडाई प्यायची. दुपारी जेवण, झोप, आणि चारला पुन्हा तेच. रात्री गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर जाऊन समोर पिळलेले म्हशीचे धारोष्ण दूध. खुराक हा प्रकार घरच्यांना किती महाग पडतो, याचा विचार त्या वयात मनाला शिवत नाही. घरून दरमहा मनिऑर्डर येत होती. ती कशातून येते, हे मी कधी विचारले नाही.

मला एकच डाव आवडे, तो म्हणजे ढाक. आमच्या सातारा जिल्ह्यात ढाक आवडण्याला कारण होते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले पदक, आणि खाशाबांचा हातखंडा डाव ढाक. प्रतिस्पर्ध्याची मान आणि हात कवेत आवळायचा, आपली कंबर त्याच्या पोटाखाली घालायची आणि फिरकी घेऊन त्याला समोर टाकायचा. आमच्याकडची पोरे बांधावर, ओढ्यात, शाळेच्या पटांगणात ढाकच मारीत असत. खाशाबा ५७ किलोच्या गटात लढत होते, म्हणजे अंगाने लहानखुरा माणूस, ही गोष्ट मात्र माझ्या ध्यानात राहिली नाही. मी ८२ किलोंचा होतो आणि दांडगाईने ढाक मारीत होतो. धरला की टाकला. वर्षा-दोन वर्षांत जत्रांतून माझे नाव होऊ लागले. नारळावरून पाच रुपयांवर, पाचावरून पन्नासावर. वस्ताद मात्र माझी कुस्ती पाहताना तोंडातले पान एका गालातून दुसऱ्या गालात नेत आणि काही बोलत नसत. मला वाटे, ते आतून खूष आहेत!

१९७२ च्या चैत्रात आमच्या गावची जत्रा होती. शेवटच्या पाच कुस्त्यांत माझे नाव लावले होते. हलगी कडाडत होती, घुमके घुमत होते, सारे गाव आखाड्याभोवती. समोरचा गडी शेजारच्या तालुक्यातला, माझ्यापेक्षा दहा किलोंनी हलका, चेहऱ्याने अगदी साधा. मी मांडीवर शड्डू ठोकला तो पार देवळापर्यंत ऐकू गेला असेल. सलामी झाली, खडाखडी झाली. मी त्याची मान धरली आणि ढाक मारायला वळलो.

त्याने ते होऊ दिले. माझे सगळे वजन पुढे गेले तेव्हा तो नुसता खाली बसला आणि मोकळा होऊन माझ्या पाठीशी आला. मी गुडघ्यांवर पडलो. तो वरून आला आणि त्याने कब्जा घेतला. येथपर्यंत फार काही बिघडलेले नव्हते. खाली गेलेला पैलवान काही हरलेला नसतो. पण खाली गेल्यावर काय करायचे हे मला माहीतच नव्हते! तीन वर्षांत मी खाली बसलो होतो कधी? तालमीतही मी नेहमी वर. मी नुसता उठायची धडपड करू लागलो, आणि जो आंधळेपणाने उठायला बघतो त्याला उलटा करणे सर्वांत सोपे. त्याने घिस्सा ओढला. दोन्ही खांदे मातीला लागले आणि मला आभाळ दिसले. दीड मिनिटसुद्धा झाले नसेल.

आबा आखाड्याच्या कडेला उभे होते. ते आत आले. डोक्याच्या पटक्याचा शेव सोडून त्यांनी माझ्या पाठीवरची माती पुसली. शब्द नाही की निःश्वास नाही. ते पुसणे मला थोबाडीत मारल्यापेक्षा जास्त लागले.

कोल्हापूरला परतलो तेव्हा बातमी माझ्याआधी पोहोचली होती. वस्तादांनी मला हौदापाशी बोलावले. “उभ्यानं मारतोस,” ते म्हणाले, “आन् खाली मरतोस. उद्यापासनं खाली बसायचं.”

“किती दिवस, वस्ताद?”

“मी सांगीन तवर.”

दुसऱ्या दिवशी मी गुडघे आणि तळहात टेकून हौदात बसलो. माझ्यावर कब्जा घ्यायला कोणी दांडगा गडी येईल या अपेक्षेने मी अंग कसून धरले होते. आला कोण? तर तालमीतला सर्वांत लहान पोरगा, बारा वर्षांचा, वजन जेमतेम पस्तीस किलो. सगळे त्याला बारक्या म्हणत. त्याचा बाप पेठेतच दुधाचा धंदा करी. बारक्याने भीतभीत माझ्या कमरेला मिठी घातली. मी एक हिसका दिला असता तर तो हौदाच्या बाहेर जाऊन पडला असता. वस्तादांनी तेच ओळखून तीन गोष्टी बजावल्या. उठायचे नाही. हिसडायचे नाही. आणि पोराला उलटा करू द्यायचे नाही.

हे तिसरे कलम मला सोपे वाटले. पस्तीस किलोंचा पोर ८२ किलोंच्या गड्याला उलटा करतो कसा? महिनाभरात त्याने मला सहा वेळा उलटा केला. हसू नका. अंग ताठ धरले की ते लाकडाच्या ओंडक्यासारखे होते, आणि ओंडका योग्य ठिकाणी धरला तर पोरही लोळवते. बारक्या कधी हप्ता भरी, कधी एकलंगी काढी, कधी घिस्सा ओढी. तालमीत येणारे-जाणारे कौतुकाने पाहत आणि मग माझ्याकडे बघून खाली मान घालून जात. ज्या पैलवानाच्या नावाने गावोगाव हलगी वाजली, तो पोराच्या खाली ओणवा बसलेला! मी वस्तादांवर मनातून जळत होतो. हा माणूस माझा उत्साह मोडतो आहे, माझे उमेदीचे वर्ष फुकट घालवतो आहे, असे मी तालमीतल्या दोघा-तिघांजवळ बोललोही.

हे असे चालले असतानाच पाऊस गेला. १९७२ चा तो दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून पटणार नाही. आधीची दोन वर्षेही ओढीचीच गेली होती, पण त्या साली मृगही गेला आणि हस्तही गेला. कोल्हापुरात मला त्याची झळ कळली नाही. पंचगंगेला पाणी होते, दूधकट्ट्यावर म्हशी होत्या. घरून शाळामास्तरांच्या अक्षरातली कार्डे येत, “आम्ही खुशाल आहोत, तू तालीम नीट कर.” मनिऑर्डरही येत होती. थोडी उशिरा, पण येत होती.

१९७३ च्या जानेवारीत, संक्रांतीनंतर, मी न कळवता गावी गेलो. खरे सांगायचे तर परत यायचे नाही अशाच विचाराने गेलो. घराला कुलूप. गोठा रिकामा, म्हैस आषाढातच विकली होती. शेजारणीने सांगितले, “समदी खडीवर गेल्याती.”

गावाबाहेर दोन कोसांवर रस्त्याचे दुष्काळी काम चालू होते. उन्हात शे-दोनशे माणसे ओळीने बसून दगड फोडीत होती. त्या उन्हाळ्यात साऱ्या महाराष्ट्रात अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती, हे मी पुढे वाचले. त्या दिवशी मी दोनच शोधीत होतो. आबा गोणपाटावर बसून हातोड्याने दगड फोडीत होते, आई पाटीतून खडी ढिगावर टाकीत होती. आबांच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या. ज्या हातांनी माझ्या पाठीवरची माती पुसली होती तेच हात. पगार मापावर. ढिगाचे माप घेणारा कारकून फूटपट्टी लावून जाई, आणि त्याच्या पट्टीत बसेल तेवढेच पैसे. दुपारी कामावर सुकडी वाटीत, आणि घरी अमेरिकेहून आलेल्या मिलोची लाल भाकरी. ती मी त्या रात्री पहिल्यांदा खाल्ली. घशाखाली उतरत नव्हती.

आणि हे सारे करून दर महिन्याला मला मनिऑर्डर! त्या खडीचे बदाम मी कोल्हापुरात बसून घोटीत होतो.

दुसऱ्या दिवशी मी हातोडा घेऊन आबांच्या शेजारी बसलो. अंगात रग होती, आबांच्या दुप्पट खडी फोडली. आठ दिवस फोडली. आबा काही बोलले नाहीत. नवव्या दिवशी सकाळी हातोडा उचलायला गेलो तर त्यांनी तो पायाखाली धरला.

“तू हितं बसायचं आसंल, तर मग आमी कशापायी बसलुया?” ते म्हणाले.

याला उत्तर नव्हते. एवढी एक अट मात्र मी घातली. मनिऑर्डर बंद. आबा बराच वेळ तिकडे बघत राहिले आणि म्हणाले, “मग खाशील काय?” मी म्हटले, “तालमीतली पोरं खात्यात ते.” ही थाप होती. तालमीतला प्रत्येक पोरगा आपापल्या घरचे खात होता.

परत आलो आणि वस्तादांना खरे ते सांगितले. खुराक बंद झाला आहे, पेठेत कुठे हमालीचे काम मिळाले तर बघा. वस्ताद पान चघळत राहिले. मला हमाली त्यांनी दिली नाही. तालमीचा हौद रोज एकट्याने खणायचा, दिवाबत्ती-झाडलोट करायची, आणि त्या बदल्यात दोन वेळची भाकरी-आमटी वस्तादांच्या घरी. बदाम नाही, तूप नाही. भिजवलेले हरभरे आणि मूठभर शेंगदाणे. एवढे मात्र झाले की, त्या दिवसापासून रोज सकाळी बारक्या येताना दुधाचा एक तांब्या घेऊन येऊ लागला. वस्तादांनी त्याच्या बापाला सांगितले की बापाने आपण होऊन दिले, हे मला कधी कळले नाही. तो तांब्या कोनाड्यात ठेवायचा, लंगोट लावायचा आणि येऊन माझ्या पाठीवर बसायचा.

दोन महिन्यांत मी ८२ चा ७५ झालो. मांड्या उतरल्या, दंड उतरले. पूर्वी बारक्याने हप्ता भरला की मी दंडाच्या जोरावर तो दाबून टाकी. आता तेवढा जोर दंडात राहिला नव्हता. आणि ही गोष्ट मी आजपर्यंत फार थोड्यांना सांगितली आहे, कारण पैलवानांना ती पटत नाही. जोर होता तोवर माझी पाठ बहिरी होती. पोरगा काय करतो आहे याची मला गरजच नव्हती. तो जे काही करील त्याला जोराने उत्तर देता येत होते. जोर आटल्यावर ती सोय गेली. मग पाठ ऐकू लागली.

खाली बसलेल्या पैलवानाला प्रतिस्पर्धी दिसत नाही. त्याचे डोळे मातीत असतात. त्याला जे कळायचे ते पाठीतून कळते. घिस्सा ओढण्याआधी वरच्या गड्याचा एक गुडघा हलका होतो. एकलंगी काढायची असली की त्याचा श्वास क्षणभर थांबतो. हप्ता भरायचा असला की एका बाजूची छाती आधी जड होते, मग हात येतो. हे सगळे हात येण्यापूर्वी घडते. तेवढ्यात आपण कोपर चार बोटे आत घेतले, किंवा कुल्ला वीतभर सरकवला, तर डाव जन्मालाच येत नाही. पण हे कळणार कसे? नव्वद किलोंचा गडी पाठीवर असला तर सगळेच जड असते. त्यात कमी काय नि जास्त काय? पस्तीस किलोंचे पोर असले म्हणजे त्याचे बोट जरी जड झाले तरी समजते. वस्तादांनी बारक्याला माझ्यावर का बसवला, हे माझ्या डोक्यात शिरायला दहा महिने लागले. वस्तादांनी ते तोंडाने कधी सांगितले नाही. सांगितले असते तर मी “होय वस्ताद” म्हणालो असतो आणि पुन्हा ताठ झालो असतो.

फाल्गुनातली एक संध्याकाळ मला आठवते. आम्ही हौदात असताना तालमीतले दिवे गेले. एकच दिवा असायचा, तोही गेला. मिट्ट काळोख. बाकीची पोरे ओरडत बाहेर पळाली. बारक्या उठू लागला तर मी म्हटले, “बस, चालू ठेव.” अंधारात त्याने घिस्सा घातला, मी कोपर आत घेतले. त्याने एकलंगी धरली. मी पाय लांबवला. हप्ता, पुन्हा घिस्सा, मग झोळी बांधायचा प्रयत्न. एकही डाव त्याला पुरा करता आला नाही, आणि मी जागेवरून हाललोही नव्हतो. शेवटी दमून तो माझ्या पाठीवर तसाच पडून राहिला आणि म्हणाला, “आण्णा, तुमास्नी अंधारात दिसतंय व्हय?”

दारात कोणी खाकरले. वस्ताद किती वेळ तेथे उभे होते कोण जाणे. “उद्यापासनं दुसरा पोरगा,” एवढेच म्हणून ते निघून गेले.

दुसरा पोरगा पन्नास किलोंचा होता. पंधरा दिवसांनी साठाचा आला. मग सत्तराचा. दर नव्या वजनाला पहिले दोन दिवस पाठ पुन्हा बहिरी होई; तिसऱ्या दिवशी त्या जडपणातूनही बारक्याचे बोट ऐकू येऊ लागे. या मुदतीत मी एकही ढाक मारली नाही, आणि आश्चर्य म्हणजे मला तिची आठवणही होत नव्हती.

१९७३ च्या चैत्रात गावाने जत्रा भरवावी की नाही यावर चावडीत वाद झाला. पाणी टँकरने येत होते, अशा वेळी आखाडा कसला? पण खडीवरचीच माणसे म्हणाली की देवाची पालखी निघाली तर मैदानही झालेच पाहिजे. आखाड्यात माती भिजवायला पाणी नव्हते, म्हणून घरटी एक तांब्या गोळा केला. बक्षिसे नावालाच. माझी जोड पंढरपूरकडच्या एका गड्याशी लागली. तो ८८ किलोंचा, मी ७५. माझ्याकडे पाहून लोक कुजबुजले. गेल्या साली हरला तेव्हा निदान पैलवान दिसत तरी होता!

ही कुस्ती प्रेक्षणीय झाली असे मी म्हणणार नाही. तिसऱ्या मिनिटाला त्याने पट काढून मला खाली नेले आणि त्यानंतर मी बहुतेक वेळ खालीच होतो. तो चांगला गडी होता, नुसता जड नव्हता. घिस्सा त्याने तीनदा ओढला, त्यातला दुसरा तर असा की, माझा एक खांदा मातीपासून दोन बोटांवर होता आणि आईची किंकाळी मी स्पष्ट ऐकली. पण त्याचा डावा गुडघा दर वेळी आधी हलका होत होता. मी मातीत नाक खुपसून त्या गुडघ्याची वाट पाहत होतो. एकदा मी निसटून त्याच्या पाठीशीही गेलो, पण वर राहण्याचा दम अंगात नव्हता, तो सुटला. चाळीस मिनिटांनी अंधार पडू लागला. पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. ज्यांनी निकाली कुस्ती पाहायची म्हणून कोसभर पायपीट केली होती त्यांनी हुर्यो केली. त्यांचेही काही चुकले नाही. आजकाल मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोन भाग असतात आणि खाली गेले की लगेच गुण जातात. त्या हिशेबाने मी ती कुस्ती दहा वेळा हरलो होतो.

वस्ताद मैदानाला आले नव्हते. कोल्हापूरला परतल्यावर त्यांनी फक्त विचारले, “किती येळ खाली होतास?” मी म्हटले, “अर्धा तास तरी.” त्यांनी मान हलवली आणि पानाची पिंक टाकायला उठले. दुसऱ्या दिवशी पहाटे बारक्याला त्यांनी हाक मारली आणि मला म्हणाले, “आता त्येला खाली बसव. तू वर.”

पण ते नंतरचे. त्या संध्याकाळी मी आखाड्यातून बाहेर आलो तेव्हा पाय थरथरत होते. आबा पुढे आले. डोळे त्यांना आता जरा कमी दिसू लागले होते. गेल्या वर्षीसारखाच त्यांनी पटक्याचा शेव सोडला आणि माझ्या पाठीवर हात फिरवला. पाठीला माती होती. चांगली थापून बसलेली होती. चिंध्या बांधलेली बोटे तिच्यावरून एकदा इकडून, एकदा तिकडून फिरली आणि दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांवर येऊन थांबली.

“ही त्येच्या छातीची हाय,” आबा म्हणाले. “भुईची न्हवं.”

त्यांनी ती पुसली नाही. शेव पुन्हा पटक्यात खोवला. बक्षिसाचे निम्मे पैसे वाट्याला आले होते, त्यांतून आईने गोडेतेल घेतले, आणि आम्ही तिघे घराकडे निघालो. सकाळी सातला खडीवर हजेरी होती.